गोळी आजाराची, मात्रा किडनीची

समजा, धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरच्या आसपासच्या एखाद्या गावातली ७५ वर्षांची, ४२ किलो वजनाची आजी रक्त तपासून घेते आणि क्रिएटिनिन १.१ येते. लॅबच्या कागदावर शेजारीच ०.६ ते १.२ अशी सर्वसाधारण मर्यादा छापलेली असते. त्यामुळे या आकड्यापुढे फुली पडत नाही, तो ठळक अक्षरांतही येत नाही. घरचे निर्धास्त होतात: किडनी चांगली आहे. हाच आकडा आता डोनाल्ड कॉक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट या कॅनडातल्या दोन डॉक्टरांनी १९७६ मध्ये मांडलेल्या सूत्रात घालून बघा. १४० मधून वय वजा करायचे, येईल त्याला वजनाने गुणायचे, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे आणि रुग्ण स्त्री असेल तर पुन्हा ०.८५ ने गुणायचे. आजीचे उत्तर येते मिनिटाला २९ मिलिलिटर. तेच १.१ क्रिएटिनिन असलेल्या ३० वर्षांच्या, ७० किलोच्या तरुणाचे उत्तर येते ९७. कागदावर दोघांचा आकडा एकच, पण रक्त गाळण्याची ताकद एकीची दुसऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. कारण साधे आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. म्हाताऱ्या, वाळलेल्या शरीरात स्नायू थोडे, म्हणून क्रिएटिनिन थोडे. आणि थोड्याच तयार होणाऱ्या क्रिएटिनिनमुळे किडनीची मंदावलेली चाल झाकली जाते. एखादा जाणकार डॉक्टर इथे हरकत घेईल की, हे सूत्र जुने झाले, २०२१ च्या नव्या सूत्राने हीच आजी ५२ वर जाते. खरे आहे. पण ते उत्तर १.७३ चौरस मीटर त्वचेच्या अंगापिंडासाठी काढलेले असते. आजीच्या लहानखुऱ्या देहाला लावले तर ते चाळिशीच्या आसपास येते. २९ म्हणा नाहीतर ४०, ‘किडनी चांगली आहे’ हे वाक्य दोन्ही हिशेबांत चुकीचे ठरते.

माझा सगळा मुद्दा या गणितावर उभा आहे. आजार बघून आपण गोळी ठरवतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिची मात्रा म्हाताऱ्या माणसात किडनी बघून ठरायला हवी, आणि बहुतेक वेळा ती तशी ठरत नाही. चाळिशीनंतर किडनीची गाळण्याची क्षमता सरासरीने वर्षाला एक मिलिलिटरच्या आसपास घटत जाते. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर घट आणखी वेगाने होते, आणि नेमक्या याच दोन आजारांसाठी म्हाताऱ्यांना सर्वांत जास्त गोळ्या लागतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाची देशव्यापी पाहणी केली. तिच्यात साठी ओलांडलेल्या दर तिघांपैकी जवळपास एकाला रक्तदाबाचे आणि सातांपैकी एकाला मधुमेहाचे निदान झालेले आढळले. निदान न झालेले वेगळेच. म्हणजे ज्यांची किडनी मंदावण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्यांच्याच हातात गोळ्यांची पिशवीही सर्वांत मोठी.

त्या पिशवीत काय असते ते पाहू. साखरेची मेटफॉर्मिन गोळी शरीरात न बदलता थेट लघवीवाटे बाहेर पडते. ती किडनीला इजा करत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण गावोगावी नेमका हाच गैरसमज आहे. पण किडनी मंद असेल तर ती साठत जाते, आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा क्वचित पण जिवावर बेतणारा धोका उभा राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये नियम बदलला तेव्हा नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबणे सोडून गाळण्याच्या क्षमतेचा आकडा धरला: ३० च्या खाली मेटफॉर्मिन द्यायची नाही, ३० ते ४५ च्या दरम्यान नव्याने सुरू करायची नाही. साखरेची दुसरी जुनी, स्वस्त गोळी ग्लिबेनक्लामाइड. तिचे शरीरात झालेले रूपांतरही साखर उतरवत राहते आणि तेही बऱ्याच अंशी किडनीवाटे जाते. त्यामुळे साखर एकदा खाली गेली की ग्लुकोजने वर येते आणि पुन्हा घसरते, कधी दिवसभर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिच्याऐवजी ग्लिक्लाझाइड आहे, आणि साठीपुढच्यांना ग्लिबेनक्लामाइड योग्य नाही अशी स्पष्ट टीप आहे. पायांची आग होते म्हणून दिली जाणारी प्रीगाबालिन जवळजवळ पूर्णपणे किडनीवर अवलंबून असते. क्षमता ६० च्या खाली गेली की तिची मात्रा निम्मी, ३० च्या खाली गेली की चतुर्थांश करायची असते. हृदयाच्या डिगॉक्सिनचे तेच, अमिकासिन-जेंटामायसिन या इंजेक्शनांचे तेच. यातले एकही औषध वाईट नाही. तरुणाच्या मापाची मात्रा आजीला दिली, की तेच औषध विषासारखे वागते.

आता पिशवीतल्या त्या गोळीकडे येतो जी डॉक्टरच्या चिठ्ठीवर बहुधा नसतेच. पिंपळनेरच्या शिवारात कांद्याची लागवड म्हणजे दिवसभर उकिडवे बसून केलेले काम, आणि सत्तरीतल्या बायाही ते करतात. गुडघे आणि कंबर धरली की मेडिकलवरून डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅक येते. कायद्याने हे चिठ्ठीशिवाय विकायचे औषध नाही; दुकानात ते मागितले की मिळते. त्याच घरात रक्तदाबाच्या गोळ्याही चालू असतात. आपल्या देशात २०१७ पासून चाललेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची पद्धत पायऱ्यांची आहे: आधी ॲम्लोडिपिन, त्याने भागले नाही तर टेल्मिसार्टन, त्यानेही नाही तर लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोन. पद्धत चांगली आहे, तिने असंख्य पक्षाघात टाळले असतील. पण तिसऱ्या पायरीवरच्या रुग्णाच्या किडनीचा हिशेब बघा. किडनीच्या गाळणीलाही ठिबकच्या फिल्टरसारखा आत येणारा दाब लागतो. लघवीची गोळी शरीरातले पाणी कमी करते. टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर जाणारी नळी सैल सोडते. एवढ्यावर किडनी निभावून नेते, कारण आत येणारी नळी ती स्वतः रुंद ठेवू शकते. वेदनाशामक गोळी नेमकी तीच ताकद काढून घेते. सरकारी दवाखान्याने दोन गोळ्या विचार करून दिल्या, तिसरी दुकानातून आली, आणि तिन्हींची भेट फक्त रुग्णाच्या पोटात झाली. ब्रिटनमधल्या ४,८७,३७२ रुग्णांचा असा अभ्यास २०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गोळ्यांना वेदनाशामकाची जोड मिळाल्यावर किडनी अचानक बिघडण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी वाढलेले दिसले, आणि पहिल्या ३० दिवसांत ८२ टक्क्यांनी. ‘दोन-चार दिवसच घेतो’ हा बचाव या दुसऱ्या आकड्यापुढे टिकत नाही.

डायक्लोफिनॅकचा आणखी एक इतिहास आपल्याला ठाऊक आहे, पण या संदर्भात तो आठवत नाही. भारतातली गिधाडे नाहीशी का झाली, याचे उत्तर २००४ मध्ये मिळाले: हे औषध दिलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन त्यांच्या किडन्या निकामी होत होत्या. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जातात म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरते मर्यादित झाले. गिधाडाचे शरीर आणि माणसाचे शरीर वेगळे, गिधाडाला जी मात्रा मारते ती माणसाला मारत नाही, हे मान्य. माणसात धोका पाणी कमी पडल्यावर आणि दुसऱ्या गोळ्यांच्या संगतीत वाढतो. पण पक्ष्यांच्या किडनीसाठी बाटलीचे माप बदलू शकणाऱ्या राज्यव्यवस्थेला म्हाताऱ्यांच्या किडनीसाठी काउंटरवर एक प्रश्न विचारायला लावणे जड जाते, याचे मला नवल वाटते.

खानदेशात या सगळ्याला ऊन येऊन मिळते. एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळ, धुळे हा पट्टा राज्यातल्या सर्वांत तापलेल्या भागांत असतो. पारा ४४-४५ पर्यंत चढतो. पिंपळनेर सह्याद्रीच्या बाजूला असल्याने थोडे सुसह्य, एवढेच. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून पुष्कळजण पाणी मुद्दाम कमी पितात. त्यात उन्हाळी लागली, जुलाब-उलट्या झाल्या तरी गोळ्या त्याच मात्रेत चालूच राहतात, कारण ‘बीपीची गोळी कधी चुकवायची नाही’ हे डोक्यात पक्के बसलेले असते. अशा दिवसांत लघवीची गोळी, टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन डॉक्टरला विचारून दोन-तीन दिवस थांबवावी लागू शकते, हे किती जणांना कोणी सांगितले आहे? या सल्ल्यामागचा पुरावा अजून भक्कम नाही, हे खरे. जगभर तो अनुभवावर आणि शरीरशास्त्रावर आधारूनच दिला जातो. पण साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांवर तरुण माणसे ऊसतोडीला किंवा कामाला गुजरातेत जातात तेव्हा घरी म्हातारा-म्हातारी उरतात. त्यांच्या हाती निदान एवढी सूचना तरी लिहून असावी. याच पट्ट्यात सिकलसेलही आहे. तो आजार स्वतःच किडनीला पोखरतो आणि त्याच्या वेदनांसाठी पुन्हा वेदनाशामकच घेतले जाते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

औषधाची विषबाधा म्हटले की आपल्याला फेस, झटके, धावपळ आठवते. म्हाताऱ्यांत ती तशी येत नाही. ती गुंगी होऊन येते, तोल जाऊन येते, जेवण तुटून येते. आजोबा दिवसा झोपू लागले, बोलताना गोंधळू लागले, मोरीत पडले, तर घर म्हणते ‘साठी बुद्धी नाठी’ आणि विषय संपतो. प्रीगाबालिन साठल्याचे लक्षणही हेच, साखर घसरल्याचेही हेच, डिगॉक्सिन वाढल्यावर अन्नावरची वासना जाते आणि कधी सगळे पिवळसर दिसते, तेही डोळ्यांचे दुखणे म्हणून खपून जाते. त्याहून वाईट म्हणजे हे लक्षण नवा आजार समजून त्यावर आणखी औषध लिहिले जाते. ॲम्लोडिपिनने पाय सुजतात. ती सूज अंगात पाणी साठल्याची नसते, तरी तिच्यासाठी लघवीची गोळी येते. वेदनाशामकाने रक्तदाब चढतो. त्यासाठी रक्तदाबाची आणखी एक गोळी येते. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या जागी समजुतीनेच लिहिलेले असते. साक्रीच्या डॉक्टरची चिठ्ठी वेगळी, पाऊणशे किलोमीटरवरच्या धुळ्याच्या तज्ज्ञाची वेगळी, मोतीबिंदूच्या शिबिरातली वेगळी. सगळी यादी एकत्र कोणी पाहतच नाही.

यावर माझी मागणी मोठी नाही. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर, नावाखाली जिथे वय लिहितात तिथेच, वजन आणि गाळण्याच्या क्षमतेचा आकडा तारखेसह लिहिला जावा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तो वर्षातून एकदा तरी नवा व्हावा, आकडा ६० च्या खाली असेल तर सहा महिन्यांनी. लॅबने क्रिएटिनिनच्या शेजारी हा आकडा आपणहून छापावा. वय आणि लिंग तिच्याकडे असतेच, वजन तेवढे विचारायचे. पहिली हरकत खर्चाची येईल. पण महालॅब योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत रक्ताचे नमुने घेऊन तपासण्या मोफत होतात, आणि राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात २०२३ पासून किडनीच्या दीर्घकालीन आजाराचाही समावेश आहे. दुसऱ्या टोकाला आपण डायलिसिससाठी २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालवतो, आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास, आयुष्यभर. त्या खर्चापुढे ही तपासणी चिल्लर आहे. दुसरी हरकत वेळेची: ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका डॉक्टरसमोर शंभरावर माणसे, तो सूत्रे कधी मांडणार? त्याने मांडूच नयेत. आकडा आधीच छापून आला तर त्याचे काम नजर टाकण्यापुरते उरते. परिचारिका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी तो केसपेपरवर उतरवू शकते.

सर्वांत वजनदार हरकत वेगळीच आहे, आणि ती मला स्वतःला अस्वस्थ करते. असे लेख वाचून लोक गोळ्या सोडतात. ‘या गोळ्यांनी किडनी जाते’ ही अफवा आधीच पसरलेली आहे. तिला छापील आधार मिळाला तर रक्तदाब मोकाट सुटून पक्षाघात होतील आणि किडन्याही उलट जास्त जातील. ही भीती खरी आहे. टेल्मिसार्टनसारखी औषधे मधुमेहात लघवीतून प्रथिने जात असताना किडनीचे रक्षणच करतात. सुरू केल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तरी सहसा ती थांबवायची नसतात. मग सांगावे की गप्प राहावे? याचे उत्तर एका औषधाच्या दोन देशांतल्या कहाणीत मिळते. स्पायरोनोलॅक्टोन हृदय कमजोर झालेल्यांचे प्राण वाचवते, असे १९९९ च्या एका मोठ्या प्रयोगाने दाखवले. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ते धडाधड लिहिले गेले, आणि त्या रुग्णांत रक्तातले पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते ते २००१ मध्ये ११ वर गेले. स्कॉटलंडच्या टेसाइड भागातही त्याच सुमारास त्याचा वापर भरभर वाढला, पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात तिथे पोटॅशियममुळे दाखल होणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले नव्हते. तिथे रक्त जास्त काळजीने आणि वारंवार तपासले जात होते. औषध तेच, रुग्ण तसेच. टेसाइडच्या डॉक्टरांना ते सोडावे लागले नाही, आणि ऑन्टारिओत ते डोळे मिटून दिल्याची किंमत रुग्णांनी मोजली. म्हणून रुग्णाला ‘गोळी घातक आहे’ असे सांगू नये, ‘तुमचा आकडा अमुक आहे, म्हणून ही गोळी इतकीच आणि हिच्यासोबत दुखण्याची गोळी नाही’ असे सांगावे. नेमकी माहिती मिळाली तर माणूस मात्रा बदलून घेतो. मोघम भीती वाटली तर गोळ्यांची पुडीच फेकून देतो.

वेदनेचे काय, हा प्रश्न मात्र असा उडवून लावता येणार नाही. शहरी सल्लागार सहज म्हणतात, आराम करा. ज्या बाईची रोजी निंदणीवर आहे तिला आराम परवडत नाही, आणि पॅरासिटामॉलने तिचा गुडघा थांबत नाही असे ती म्हणते तेव्हा ती खरेच बोलत असते. गुडघ्याच्या झिजेत त्या गोळीचा उपयोग थोडाच होतो. पण डायक्लोफिनॅकचे मलम आहे. गुडघा त्वचेपासून फार खोल नसतो, त्यामुळे मलम तिथे बरेच काम करते, आणि तोंडाने घेतलेल्या गोळीच्या तुलनेत त्याचा अगदी थोडा अंश रक्तात उतरतो. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आहेत. आणि गोळी घ्यावीच लागली तर किडनी बऱ्यापैकी शाबूत असलेल्याने, पाणी भरपूर असताना, एखादा दिवस घेणे वेगळे आणि टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळीच्या जोडीने मे महिन्यात आठवडाभर घेणे वेगळे. ‘मग आयुर्वेदिकच बरे’ हा पर्याय मी सरसकट मान्य करणार नाही. बॉस्टन परिसरातल्या दुकानांत मिळणारी दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने २००४ मध्ये तपासली गेली तेव्हा दर पाचांतल्या एकात शिसे, पारा किंवा अर्सेनिक सापडले. हे तिन्ही घटक किडनीलाही सोडत नाहीत. काढा असो की भस्म, डॉक्टरला दाखवायच्या पिशवीत तेही असायला हवे.

शेवटी मेडिकलचे दुकान. गावात तोच पहिला दवाखाना असतो, तो बंद पाडून चालणार नाही, असे म्हणतात, आणि ते मला पटते. पण दुकान चालू ठेवणे म्हणजे कायदा झोपवणे नव्हे. २०११ ते २०१४ या काळात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर हवा आणि चिठ्ठी हवी हा जुनाच नियम पाळायला लावला गेला, तेव्हा राज्यभरातल्या औषधविक्रेत्यांनी बंद पुकारले. त्यानंतर २०१५ मध्ये फार्मसी व्यवसायाचे नियमन आले. त्यात तर रुग्णाला औषध समजावून सांगणे आणि त्याच्या एकूण औषधांचा आढावा घेणे हे फार्मासिस्टचे काम म्हणून लिहिलेच आहे. म्हणजे नवा अधिकार कोणाला द्यायचा नाही. साठीपुढचे गिऱ्हाईक गुडघ्याची गोळी मागायला आले की फार्मासिस्टने दोनच गोष्टी विचाराव्यात: बीपीची किंवा लघवीची गोळी चालू आहे का, आणि केसपेपरवरचा आकडा काय आहे. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले किंवा आकडाच माहीत नसला, तर मलम द्यावे आणि डॉक्टरकडे पाठवावे. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले शिक्षक आणि विद्यार्थी साक्री तालुक्यातल्या फार्मासिस्टांना आणि आरोग्यसेविकांना हे एका दिवसात शिकवू शकतील. त्याच दिवशी पिंपळनेरच्या ग्रामीण रुग्णालयात म्हाताऱ्यांनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणाव्यात आणि त्यांची यादी तपासून घ्यावी. २०१० पासून देशात औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याची व्यवस्था आहे. त्या पिशव्यांतून जे दिसेल ते तिथेही कळवले जावे. हा दिवस मात्र मार्चमध्ये घ्यावा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटल्यावर घेतला तर तोवर उन्हाळ्यातले पहिले रुग्ण धुळ्याला दाखल झालेले असतील.